रहस्यकथांचे वेडे वाचक : जी. के. चेस्टरटन



खून, चोरी, दरोडे यांच्या गोष्टी भाविक माणसाने वाचाव्यात का, हा प्रश्न आम्हांला अधूनमधून विचारला जातो. विचारणारे बहुधा आईवडील असतात. मुलगा अभ्यासाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचतो, किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर खऱ्या खुनांच्या हकीकती ऐकत पडते, अशी त्यांची तक्रार असते. कधी एखादी आजी स्वतःसाठीच विचारते. तिने तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ चोरून वाचलेला असतो, आणि आता पिकल्या वयात ते पाप होते की काय अशी शंका तिला छळते. या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देण्याऐवजी आम्ही आज एका माणसाची ओळख करून देणार आहोत. ते जन्मभर रहस्यकथा वाचत राहिले, पुढे स्वतः लिहू लागले, आणि त्यांच्या लेखणीतून जगातला सर्वांत प्रसिद्ध धर्मगुरू-डिटेक्टिव्ह जन्माला आला. त्यांचे नाव गिल्बर्ट कीथ चेस्टरटन.

२९ मे १८७४ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात त्यांचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी. वडील घरे-जमिनींच्या व्यवहाराचा पिढीजात धंदा पाहत. पण त्यांचा जीव रमे तो चित्रे काढण्यात आणि मुलांसाठी पुठ्ठ्याचे नाटकघर बनवण्यात. गिल्बर्ट सेंट पॉल्स शाळेत गेले. अभ्यासात यथातथाच, पण वादविवादात पटाईत. तिथे त्यांना एडमंड बेंटली हा जिवलग मित्र मिळाला. याच बेंटलींनी १९१३ साली ‘ट्रेंट्स लास्ट केस’ ही गाजलेली रहस्यकादंबरी लिहिली आणि ती गिल्बर्टना अर्पण केली. त्याआधी १९०८ साली गिल्बर्टनी आपली ‘द मॅन हू वॉज थर्सडे’ ही कादंबरी बेंटलींना अर्पण केली होती. शाळेच्या बाकावरची मैत्री दोन पुस्तकांच्या पहिल्या पानांवर अशी कायमची नोंदली गेली.

शाळा संपल्यावर गिल्बर्ट चित्रकला शिकायला स्लेड या कलाशाळेत गेले. इथे आम्हांला थोडे थांबायचे आहे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची मुळे या दोन-तीन वर्षांत आहेत. त्या काळात या तरुणाचे मन फार अंधाऱ्या जागी जाऊन पोचले. भोवतालचे जग खरोखर आहे की आपल्याच मनाचा तो खेळ आहे, इथवर संशय गेला. भावाबरोबर प्लॅन्चेटचे प्रयोग झाले. मित्रांना वाटू लागले की याचे डोके फिरते आहे. आत्मचरित्रात त्यांनी कबूल केले आहे की, साधासुधा गुन्हासुद्धा हातून घडलेला नसताना भयंकरातले भयंकर गुन्हे ते मनातल्या मनात रंगवू शकत होते. आपल्या आत काय काय दडलेले आहे हे त्यांना विशीच्या आतबाहेर कळले, आणि त्याची त्यांना भीती वाटली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘बाहेरचे जग खरे आहे हे कशावरून’ या प्रश्नावर आम्हीही वह्या भरल्या. पण आमच्यासाठी तो परीक्षेतला प्रश्न होता. चेस्टरटनना त्याने आतून पोखरले होते. त्यातून ते बाहेर आले ते एका साध्या गोष्टीच्या बळावर. काही नसण्यापेक्षा काहीतरी असणे हेच केवढे मोठे दान आहे, या कृतज्ञतेचा बारीक धागा त्यांनी घट्ट धरला. पुढे श्रद्धा आली ती त्याच धाग्याला धरून.

चित्रकला सुटली. प्रकाशकांच्या कचेरीत काही वर्षे नोकरी झाली आणि मग वर्तमानपत्री लेखनाने त्यांना जे पकडले ते अखेरपर्यंत. २८ जून १९०१ रोजी फ्रान्सेस ब्लॉग यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मधुचंद्राला निघताना नवरदेव वाटेत दोन दुकानांत थांबले. एका दुकानात त्यांनी ग्लासभर दूध प्यायले, दुसऱ्यात एक पिस्तूल आणि काडतुसे विकत घेतली. कशासाठी? नॉरफोकच्या पाणथळ मुलखात चाचे आले तर पत्नीचे रक्षण करता यावे म्हणून! त्या भागात चाचे नव्हते हे त्यांनाही ठाऊक होते. हा माणूस साहसकथा नुसत्या वाचत नव्हता, त्या अंगावर घालून हिंडत होता. सहा फुटांहून उंच, पुढे वजन सव्वाशे किलोच्या वर गेलेले, खांद्यावर झगा, डोक्यावर चुरगळलेली टोपी आणि हातात आत तलवार लपवलेली काठी, असा त्यांचा थाट असे. विसराळूपणा तर विचारूच नका. एकदा परगावच्या स्टेशनावरून त्यांनी पत्नीला तार करून विचारले, मी इथे पोचलो आहे, पण मला जायचे होते कुठे? फ्रान्सेस यांनी त्यांना सरळ घरी बोलावून घेतले.

लग्नाच्याच वर्षी ‘द डिफेंडंट’ हे त्यांचे निबंधांचे पुस्तक निघाले. लोक ज्या गोष्टींना नावे ठेवतात त्यांचे वकीलपत्र घ्यायचे, ही पुस्तकाची कल्पना. त्यात एक निबंध मुलांच्या स्वस्त साहसकथांच्या बाजूने आहे आणि एक रहस्यकथांच्या बाजूने. त्या काळचे विद्वान रहस्यकथेला कचरा मानत. लोकांना वाईट वाङ्मय आवडते म्हणून ते रहस्यकथा वाचतात, हे मत चेस्टरटननी खोडून काढले. पुस्तक खपते म्हणून ते वाईट ठरत नाही, आणि वाईट रहस्यकथा असतात तशा चांगल्याही असतात, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. डोंगर, नद्या, रानफुले यांच्यावर कवींनी पुष्कळ लिहिले. पण शहरातली गल्ली, दिव्याचा खांब, घराची विटांची भिंत यांच्यातले काव्य प्रथम ओळखले ते रहस्यकथेने, असे ते सांगतात. डिटेक्टिव्हला प्रत्येक विटेत माणसाच्या हाताची खूण दिसते. आणि तिसरा मुद्दा असा की, गुन्हेगार हा बंडखोर वीर असल्याचे आपल्याला वाटते, पण रानटीपणा तर जुनाच आहे. खरे धाडस कायदा आणि सुव्यवस्था टिकवून धरणाऱ्याचे. रात्री एकटा गस्त घालणारा पोलीस त्यांच्या लेखी जुन्या काळच्या शूर सरदाराच्या जागी होता. (आपल्याकडच्या वाचकांना पोलीस आणि सरदार ही जोडी पचायला थोडी जड जाईल, हे आम्हांला मान्य आहे.)

हे झाले पुस्तकातल्या गुन्ह्यांविषयी. खऱ्या गुन्ह्यांशीही त्यांची गाठ पडली. लंडनच्या बॅटर्सी भागात राहत असताना त्यांना ज्यूरीवर बोलावणे आले. त्या अनुभवावरचा ‘द ट्वेल्व्ह मेन’ हा निबंध १९०९ च्या ‘ट्रेमेंडस ट्रायफल्स’ या पुस्तकात आहे. कोर्टापुढे आलेले लोक साधेच होते. त्यांत मुलांची आबाळ केल्याचा आरोप असलेली एक बाईही होती, आणि तिच्याकडे पाहताच तिचीच कुणीतरी आबाळ केलेली असावी असे त्यांना जाणवले. न्यायाधीश, वकील, पोलीस ही माणसे वाईट नसतात. पण रोजच्या सवयीमुळे त्यांना पिंजऱ्यातला माणूस दिसेनासा होतो, दिसते ते नेहमीचे काम. म्हणून बारा सामान्य माणसे तिथे नव्या डोळ्यांनी पाहायला बसवायची. रोज पापनिवेदन ऐकणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना हा निबंध फार उपयोगी आहे. सवय आम्हांलाही होऊ शकते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९०४ च्या सुमारास यॉर्कशरमधल्या कीली या गावी चेस्टरटन व्याख्यानासाठी गेले असता त्यांची फादर जॉन ओकॉनर या आयरिश कॅथलिक धर्मगुरूंशी ओळख झाली. दोघे माळरानावरून बोलत बोलत इल्कलीपर्यंत चालत गेले. गुन्हेगारी आणि दुर्व्यसनांविषयी एका सामाजिक प्रश्नावर चेस्टरटन लेख लिहिणार होते. फादरांनी शांतपणे त्यांना काही गोष्टी सांगितल्या. त्या इतक्या काळ्याकुट्ट होत्या की लेखकमहाशय हादरलेच. आपण तरुणपणी मनात जी घाण पाहिली तिच्यापेक्षा खोलवरची या हसतमुख, ब्रह्मचारी माणसाला ठाऊक आहे, हे त्यांना अपेक्षित नव्हते. मुक्कामाच्या घरी पोचल्यावर केंब्रिजचे दोन विद्यार्थी फादरांशी संगीतावर आणि निसर्गावर गप्पा मारत बसले. फादर उठून गेल्यावर त्यांतला एक म्हणाला की माणूस विद्वान आहे खरा, पण मठाच्या चार भिंतींत राहणाऱ्याला जगातल्या खऱ्या पापाची काय कल्पना! चेस्टरटनना हसू आवरेना. त्या दोघा विद्यार्थ्यांचे पापाचे ज्ञान फादरांच्या तुलनेत दुधपित्या मुलाएवढे होते.

त्या हसण्यातून फादर ब्राउन जन्मले. पहिली कथा जुलै १९१० मध्ये अमेरिकेतल्या ‘सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये छापून आली. ‘द ब्लू क्रॉस’ या नावाने ती आज ओळखली जाते. गोल चेहऱ्याचा, बुटका, ओबडधोबड छत्री सतत पाडणारा एक खेड्यातला धर्मगुरू लंडनला आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेससाठी निघाला आहे. (तशी काँग्रेस १९०८ साली लंडनमध्ये खरोखरच भरली होती. आपल्यातल्या ज्येष्ठांना १९६४ ची मुंबईची काँग्रेस आणि पोप सहावे पॉल यांचे दर्शन आठवत असेल.) त्याच्याजवळ निळ्या रत्नांचा मौल्यवान क्रूस आहे, आणि फ्लांबो नावाचा अट्टल चोर धर्मगुरूचा वेष घेऊन त्याच्याबरोबर चालला आहे. पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख त्यांच्या मागावर आहे. हॉटेलात साखरेच्या भांड्यात मीठ, भिंतीवर फेकलेले सूप, फुटलेली खिडकी अशा वेड्यावाकड्या खुणा त्याला वाटेत सापडत जातात. शेवटी कळते की त्या खुणा बावळट दिसणाऱ्या फादरांनी मुद्दाम सोडल्या होत्या, आणि क्रूस तर त्यांनी केव्हाच सुरक्षित जागी रवाना केला होता. चोरांच्या युक्त्या त्यांना कशा ठाऊक? माणसांची खरी पापे रोज ऐकणाऱ्याला माणसाच्या दुष्टपणाची थोडीतरी माहिती असणारच!

पण हा पाहुणा धर्मगुरू नाही हे त्यांनी ओळखले कशावरून? गप्पांत त्याने बुद्धीला, तर्काला कमी लेखले म्हणून. तसे करणे हे चुकीचे ईशज्ञान आहे. ही जागा आम्हांला सर्वांत प्रिय आहे. श्रद्धा म्हणजे डोके बाजूला ठेवणे, असे मानणारे आपल्यातही आहेत आणि बाहेरही. चेस्टरटननी हे १९१० साली, कॅथलिक होण्याच्या बारा वर्षे आधी लिहिले. पुढे १९३३ साली त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांच्यावर छोटे पुस्तक लिहिले, तेव्हा त्या विषयात आयुष्य घालवलेल्या एतिएन जिल्सन यांच्यासारख्या पंडितानेही त्याची वाखाणणी केली.

‘द हॅमर ऑफ गॉड’ ही दुसरी कथा तर धर्मगुरूंनी अवश्य वाचावी. तिच्यातला खुनी हा स्वतःच अँग्लिकन धर्मोपदेशक आहे. चर्चच्या उंच मनोऱ्यावर एकांतात प्रार्थना करता करता त्याला खालची माणसे मुंग्यांसारखी दिसू लागतात, आणि आपण देवाच्या जागी बसून शिक्षा देऊ शकतो असे वाटू लागते. फादर ब्राउन त्याला पोलिसांच्या हवाली करत नाहीत. सगळे कळल्याचे त्याला सांगतात, आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडतात. तो माणूस स्वतः खाली उतरून गुन्हा कबूल करतो. फ्लांबोचेही तसेच. काही कथांनंतर तो चोरी सोडतो आणि फादरांचा मित्र होतो. इतर डिटेक्टिव्ह गुन्हेगाराला पकडतात. या डिटेक्टिव्हला त्याला वाचवायचे असते.

रहस्यांची हौस त्यांच्या खेळांतही दिसे. डिकन्स १८७० साली वारले तेव्हा त्यांची ‘एडविन ड्रूड’ ही कादंबरी अर्धवट राहिली, आणि खुनी कोण हे गुपितच राहिले. ७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये लेखकमंडळींनी त्या कादंबरीतल्या संशयितावर लुटुपुटीचा खटला भरवला. न्यायाधीश चेस्टरटन, ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ! शॉ यांनी निकालाचा पार विचका केला, तेव्हा न्यायमूर्तींनी स्वतःला सोडून कोर्टातल्या झाडून सगळ्यांना कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले.

या हास्यकल्लोळाच्या सात-आठ महिने आधी ते खऱ्या कोर्टात बसून आले होते, हे विसरू नये. मार्कोनी कंपनीच्या शेअर प्रकरणात मंत्र्यांवर टीका केल्याबद्दल धाकटे भाऊ सेसिल यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला झाला. १९१३ साली ते दोषी ठरले आणि त्यांना १०० पौंड दंड झाला. सख्खा भाऊ आरोपीच्या पिंजऱ्यात पाहण्याचे ते दुःख गिल्बर्टच्या मनातून कधी गेले नाही. सेसिल पहिल्या महायुद्धात लढायला गेले आणि डिसेंबर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये इस्पितळात वारले.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मार्कोनी प्रकरणातले काही प्रमुख लोक ज्यू होते. चेस्टरटननी ज्यू लोकांविषयी जे लिहिले त्यातले बरेच आज वाचताना मान खाली जाते. हिटलरने चालवलेल्या छळाचा त्यांनी निषेध केला हे खरे; पण त्याने आधीचे लेखन पुसले जात नाही. त्यांना संत घोषित करण्याची प्रक्रिया सुरू करण्यास नॉर्थॅम्प्टनच्या बिशपांनी २०१९ साली नकार दिला, तेव्हा सांगितलेल्या कारणांत हेही एक होते. त्यांच्या चाहत्यांना वाईट वाटले. आम्हीही चाहते आहोत, पण बिशपांचा निर्णय आम्हांला रास्त वाटतो.

भारताशी त्यांचा संबंध एका लेखापुरता, पण महत्त्वाचा आहे. सप्टेंबर १९०९ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधल्या सदरात त्यांनी लिहिले की भारतीय राष्ट्रवादी इंग्रजांच्याच संस्था मागत आहेत, त्यात भारतीय असे काही दिसत नाही. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी तो लेख वाचला, त्यांना तो भिडला, आणि ‘इंडियन ओपिनियन’च्या वाचकांपुढे त्यांनी तो मांडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिले.

३० जुलै १९२२ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, चेस्टरटन कॅथलिक झाले. बीकन्सफिल्ड गावात तेव्हा कॅथलिक चर्च नव्हते. रेल्वे हॉटेलच्या पत्र्याच्या खोलीत मिस्सा होत असे, तिथेच हा विधी झाला. त्यांना ख्रिस्तसभेत स्वीकारणारे धर्मगुरू होते फादर ओकॉनर, म्हणजे मूळचे फादर ब्राउन. फ्रान्सेस त्या दिवशी रडल्या. चार वर्षांनी, १९२६ मध्ये, त्याही आल्या. कॅथलिक का झालात असे कुणी विचारले तर चेस्टरटन तत्त्वज्ञानाचे लांबलचक उत्तर देत नसत. पापांपासून सुटका हवी होती, एवढेच सांगत. स्लेडमधला तो तरुण आठवला की या उत्तराचे वजन कळते.

त्यानंतर ‘जी. केज् वीकली’ हे साप्ताहिक चालवण्याचा भार त्यांनी अंगावर घेतला. ते कायम तोट्यात. बँकेत पैसे संपत आल्याचे सेक्रेटरीने सांगितले की ते फादर ब्राउनची आणखी एक कथा सांगायला घेत. पाच संग्रहांतल्या पन्नासेक कथांपैकी कित्येक अशा निकडीतून आल्या आहेत, आणि उत्तरार्धातल्या काहींत ती घाई दिसतेही. सरस कथा हव्या असतील तर १९११ चा पहिला संग्रह घ्यावा.

पण या साऱ्याचे मर्म १९२७ च्या ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राउन’ या संग्रहात आहे. स्पेनमध्ये फ्लांबोच्या घरी एक अमेरिकन पाहुणा फादरांना त्यांच्या यशाचे गुपित विचारतो. फादर सांगतात की ते सगळे खून आपणच केले. पाहुणा दचकतो. अर्थ असा की, खुनी माणूस ज्या मनःस्थितीत होता ती स्वतःच्या मनात हुबेहूब येईपर्यंत ते विचार करत राहतात. फक्त शेवटचे पाऊल उचलत नाहीत. गुन्हेगाराकडे दुरून, किडा तपासावा तसे पाहणे त्यांना मान्य नाही. आणि या गोष्टी करायला आपणही समर्थ आहोत हे जोवर माणसाला कळत नाही, तोवर त्याच्या चांगुलपणाचा भरवसा नाही, असे त्यांचे मत आहे. म्हणून रहस्यकथा किंवा खऱ्या खुनाची हकीकत वाचणाऱ्याला आम्ही विचारू ते एवढेच : वाचताना तुम्ही कुठे बसलेले असता? मनोऱ्यावर, की पिंजऱ्यातल्या माणसाच्या शेजारी? खऱ्या हकीकतींच्या बाबतीत तर हे अधिकच विचारावे लागते, कारण तिथे मेलेल्या माणसाचे घर अजून रडत असते.

१९३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांनी ‘डिटेक्शन क्लब’ काढला. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स यांच्यासारखी मंडळी सभासद, आणि पहिले अध्यक्ष चेस्टरटन. नव्या सभासदाला कवटीच्या साक्षीने शपथ घ्यावी लागे की आपला डिटेक्टिव्ह बुद्धीनेच रहस्य सोडवील, दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने नाही, आणि वाचकापासून महत्त्वाचा दुवा लपवला जाणार नाही. दैवी साक्षात्काराला बंदी घालणारी ही शपथ एक कॅथलिक अध्यक्ष हौसेने देत असे! सभासदांत मोन्सिन्योर रोनाल्ड नॉक्सही होते. हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहीत, आणि या कथांचे दहा नियम त्यांनी १९२९ साली मांडले होते.

१४ जून १९३६ रोजी बीकन्सफिल्डच्या राहत्या घरी चेस्टरटन प्रभुवासी झाले. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली तेव्हा प्रवचन नॉक्स यांनीच दिले. म्हणजे एका रहस्यकथाकाराला दुसऱ्या रहस्यकथाकाराने वेदीजवळून निरोप दिला.

ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांनी ‘द ब्लू क्रॉस’पासून करू नये, कारण तिचा शेवट आम्ही वर फोडला आहे. ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही कथा घ्यावी. चौघांच्या डोळ्यांदेखत एक माणूस इमारतीत शिरतो, खून करतो, बाहेर पडतो, आणि आत कुणीच गेले नाही असे चौघेही शपथेवर सांगतात. तो कोण हे आम्ही सांगणार नाही. फादर ब्राउन त्याला शोधतात आणि बर्फ पडलेल्या टेकड्यांवरून कितीतरी तास त्याच्याबरोबर चालत राहतात. त्या दोघांचे बोलणे काय झाले, ते चेस्टरटननी वाचकालाही ऐकू दिलेले नाही.